टी टॉरी : एका लहरी ताऱ्याची १६९ वर्षे

११ ऑक्टोबर १८५२. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील एका खासगी वेधशाळेत जॉन रसेल हाइंड नावाचे एकोणतीस वर्षांचे निरीक्षक वृषभ राशीतील तारे तपासत होते. ही वेधशाळा जॉर्ज बिशप या मद्यव्यावसायिकाची. पैसा व्यापारात मिळवायचा आणि आकाशावर खर्च करायचा, असे धनिक त्या काळच्या इंग्लंडमध्ये बरेच होते. हाइंड यांचे काम लघुग्रह शोधण्याचे. सूर्याच्या भासमान मार्गालगतच्या पट्ट्यातील ताऱ्यांचे नकाशे करायचे आणि नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला, तर तो रोज जागा बदलतो का ते पाहायचे. या चिकाटीच्या कामातून त्या एका वर्षात त्यांना चार लघुग्रह सापडले.

त्या रात्री मात्र दुर्बिणीत वेगळेच काही आले. एका मंद ताऱ्याला लागून धुरकट, अगदी लहानसा प्रकाशाचा पुंजका होता. तो कोणत्याही यादीत नव्हता. शेजारचा तारा सुमारे दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा. त्याचे तेज कमीजास्त होत असावे, असा संशय हाइंड यांना आला. त्यांनी दोन्ही गोष्टी नोंदवल्या आणि ते आपल्या लघुग्रहांकडे परतले.

ही जागा शोधणे अवघड नाही. रोहिणीचा शकट ज्यांना ओळखता येतो, त्यांनी त्याच्या उत्तर टोकाच्या ताऱ्यापासून पश्चिमेला साधारण तीन चंद्रबिंबांइतके सरकावे. मात्र तिथे पाहायला दुर्बीण हवी.

आज त्या ताऱ्याला टी टॉरी म्हणतात आणि पुंजक्याला हाइंडचा तेजोमेघ. ज्यांचे तेज बदलते अशा, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांना लॅटिन अक्षरे देण्याची पद्धत जर्मन खगोलशास्त्रज्ञ आर्गेलँडर यांनी घालून दिली. क्यूपर्यंतची अक्षरे जुन्या नकाशांत वापरली गेली होती, म्हणून सुरुवात आरपासून. एखाद्या राशीतील पहिला रूपविकारी तारा आर, दुसरा एस, तिसरा टी. टॉरी म्हणजे वृषभाचा. नाव इतके रुक्ष आहे की त्यामागे सूर्यमालेच्या जन्माचे रहस्य असेल, अशी शंकाही येऊ नये.

पुंजका नाहीसा होतो

गोष्ट इथेच संपली असती, तर हाइंड यांची नोंद एखाद्या सूचीत धूळ खात पडली असती. पण ३ ऑक्टोबर १८६१ रोजी कोपनहेगनहून डारेस्ट यांनी त्या जागी दुर्बीण लावली, तेव्हा तिथे काहीच नव्हते. तारा होता, तेजोमेघ नव्हता.

या बातमीने उडालेली खळबळ समजून घ्यायला त्या काळची समजूत ध्यानात घ्यावी लागते. तारे तेज बदलतात हे लोकांना ठाऊक होते. तेजोमेघ मात्र अतिप्रचंड आणि अतिदूरच्या वस्तू मानल्या जात. त्या माणसाच्या आयुष्यात बदलू शकतात, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नऊ वर्षांत एक आख्खा तेजोमेघ नाहीसा व्हावा, याचा अर्थ एकतर हाइंड यांचा डोळा चुकला होता किंवा विश्वाविषयीची कल्पना तरी.

पॅरिसमध्ये ल व्हेरिये आणि शाकोर्नाक यांनी शोध घेतला. नेपच्यूनचे स्थान गणिताने सांगणारे हेच ते ल व्हेरिये. त्यांनाही काही दिसले नाही. रशियातील पुल्कोव्हो येथील मोठ्या दुर्बिणीतून ओटो स्ट्रूव्ह यांना मात्र त्याच हिवाळ्यात अत्यंत पुसट का होईना, पण एक खूण दिसली. हाइंड यांची अब्रू वाचली. पुढे १८६८ मध्ये स्ट्रूव्ह यांनी जवळच आणखी एक लहान तेजोमेघ पाहिला. तो डारेस्ट यांनीही पाहिला आणि मग तो कायमचा दिसेनासा झाला. या दोन्ही गोष्टी १८८८ च्या मोठ्या नव्या सूचीत आल्या : १५५५ क्रमांकाला हाइंडचा मेघ, १५५४ ला स्ट्रूव्हचा. त्या वेळी दुसरा मुळीच दिसत नव्हता.

१८९० मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून बर्नहॅम आणि बर्नार्ड यांनी हाइंडचा मेघ पुन्हा पाहिला, पण अगदी क्षीण. बर्नहॅम यांना त्यात भर घालणारी आणखी एक गोष्ट दिसली : खुद्द ताऱ्याला चिकटून असलेला, काही विकलांचा एक चिमुकला तेजोमेघ. म्हणजे एका मंद ताऱ्याभोवती येणारे, जाणारे आणि चिकटून राहणारे असे तीन पुंजके झाले. स्पष्टीकरण एकाचेही नव्हते.

आज त्यातील एक कोडे सोपे वाटते. हाइंडचा मेघ स्वतः प्रकाशत नाही. तो धुळीचा आहे आणि टी टॉरीच्या प्रकाशाने उजळतो. एखाद्या मेघाचा प्रकाश शेजारच्या ताऱ्याचा उसना असू शकतो, हे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये कृत्तिकांच्या बाबतीत दाखवून दिले. ताऱ्याच्या अगदी निकट धुळीचे ढग फिरत असतील, तर त्यांच्या सावल्या दूरच्या मेघावर पडतात. कंदिलाजवळ हात हलवला की भिंतीवरची सावली केवढी तरी मोठी हलते, तसेच हे. पण मग प्रश्न उरतो : ताऱ्याच्या इतक्या निकट ती धूळ करते काय?

दरम्यान, एक जुनी कल्पना मरत होती

इथे ताऱ्यांकडून थोडे तत्त्वज्ञांकडे वळावे लागते, कारण या प्रश्नाचे उत्तर हाइंड यांच्या जन्मापूर्वीच छापून झाले होते.

१७५५ मध्ये इमॅन्युएल कांट यांनी विश्वरचनेवर एक ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. फिरता, चपटा होत जाणारा द्रव्याचा मेघ, त्याच्या मध्यभागी सूर्य आणि त्याच्याच पसाऱ्यातून ग्रह, अशी मांडणी त्यात होती. प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि पुस्तक वाचकांपर्यंत फारसे पोचलेच नाही. १७९६ मध्ये लाप्लास यांनी स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडले. त्यांचे नाव मोठे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ही कल्पना प्रतिष्ठित झाली. सर्व ग्रह एकाच दिशेने, जवळजवळ एकाच प्रतलात फिरतात, याचा उलगडा तिने सहज होत होता.

पण हिशेब जुळेना. सूर्यमालेतील ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे. फिरण्याचा संवेग मात्र जवळजवळ सगळा ग्रहांकडे, त्यातही बहुतेक एकट्या गुरूकडे. मेघ आकुंचन पावून सूर्य झाला असेल, तर सूर्य भोवऱ्यासारखा गरगरायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला जवळपास महिना लागतो. या आक्षेपाला लाप्लास यांच्या अनुयायांकडे उत्तर नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मग दुसराच विचार पुढे आला. एखादा परका तारा सूर्याच्या जवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्यातून द्रव्याचा एक पट्टा उपसला गेला आणि त्याचे ग्रह झाले, असे जेम्स जीन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गणितानिशी मांडले. या मांडणीचा परिणाम केवळ तांत्रिक नव्हता. तारे एकमेकांपासून इतके दूर आहेत की त्यांची अशी गाठ पडणे म्हणजे जवळजवळ अशक्यप्राय योगायोग. जीन्स बरोबर असतील, तर ग्रह असलेले तारे अत्यंत दुर्मिळ आणि पृथ्वीसारख्या जगाची दुसरी आवृत्ती कदाचित कुठेच नाही. १९३० मध्ये जीन्स यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवातच या एकाकीपणाने केली आणि ते पुस्तक अमाप खपले. एका पिढीने विश्वाचे हे चित्र गृहीत धरले.

१९३९ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी दाखवले की सूर्यातून उपसलेला इतका तप्त वायू गोळा होण्याआधीच विखुरून जाईल. जीन्स यांचा पट्टा तुटला. तेव्हा दोन्ही मते अडचणीत होती आणि निर्णय द्यायला पुरावा हवा होता. तो पुरावा वृषभ राशीत पडून होता, हाइंड यांच्या काळापासून. कोणाला तो पुरावा वाटत नव्हता, इतकेच.

अकरा तारे

आल्फ्रेड जॉय हे माउंट विल्सन वेधशाळेतील वर्णपटांचे जाणकार. तरुणपणी दहा वर्षे बैरूतच्या महाविद्यालयात शिकवत होते. पहिल्या महायुद्धाने ते अमेरिकेतच राहिले आणि १९१५ पासून माउंट विल्सनचे झाले. त्यांनी अनेक लहरी ताऱ्यांचे वर्णपट वर्षानुवर्षे जमवले. १९४५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अकरा ताऱ्यांचा एक वेगळा वर्ग बांधला होता आणि त्याला नाव दिले होते टी टॉरीचे.

हे अकरा तारे आकाशात विखुरलेले होते, पण त्यांची लक्षणे एक. तेज कोणत्याही नियमाविना बदलणारे, कधी तीन प्रतींपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा पटींनी. वर्णपट सूर्यासारख्या ताऱ्याचा, पण त्यावर चमकदार रेषांचा थर. खग्रास ग्रहणाच्या क्षणी सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या रेषांसारख्याच या रेषा, पण कितीतरी तीव्र. आणि चौथी, सर्वांत विचित्र गोष्ट : हे सगळे काळ्या किंवा उजळ मेघांच्या सान्निध्यात.

वृषभेतील त्या काळ्या मेघांची छायाचित्रे बर्नार्ड यांनी आयुष्यभर घेतली होती. एकेकाळी आकाशातील भोके समजली गेलेली ही जागा म्हणजे खरे तर मागचा प्रकाश अडवणारी धूळ आहे, हे जॉय यांच्या काळापर्यंत मान्य झाले होते. तारे तिथे का जमले असावेत, याबद्दल मात्र मतभेद होते. एक तर्क असा की हे साधे, वयस्क तारे आहेत. वाटेत ढग लागला, त्यातील द्रव्य अंगावर पडले आणि म्हणून ते असे भडकतात. शेणकाल्यातून चालणाऱ्याचे पाय माखावेत तसे. हा तर्क मुळीच हास्यास्पद नव्हता. चांगल्या चांगल्या अभ्यासकांनी तो गांभीर्याने घेतला होता.

दुसरे उत्तर आर्मेनियातून आले. विक्तोर अंबार्तसुम्यान यांनी १९४७ च्या सुमारास दाखवले की असे तारे सैल समूहांत आढळतात आणि हे समूह आकाशगंगेच्या ओढीपुढे फार काळ एकत्र टिकणार नाहीत. ते अजून एकत्र दिसतात, याचा अर्थ ते नुकतेच जन्मले आहेत. तारे आजही जन्मत आहेत, हा विचार त्या काळी धीट होता. गंमत अशी की तारे कशातून जन्मतात याबद्दल अंबार्तसुम्यान यांचे मत पुढे टिकले नाही. ते अतिघन अज्ञात द्रव्याच्या स्फोटावर विश्वास ठेवत, वायूच्या आकुंचनावर नाही. वय बरोबर, जन्मकथा चूक.

१९५० च्या दशकात पुरावा एका बाजूला झुकत गेला. जॉर्ज हर्बिग यांनी कॅलिफोर्नियात आणि गिलेर्मो हारो यांनी मेक्सिकोत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या ताऱ्यांच्या परिसरात लहान तेजस्वी गाठी शोधल्या. बर्नहॅम यांना साठ वर्षांपूर्वी टी टॉरीला चिकटलेला दिसलेला चिमुकला मेघ त्याच जातीचा निघाला. ताऱ्यातून सुटलेला झोत आसपासच्या वायूवर आदळून ती चमक होते, हे कळायला आणखी बराच काळ गेला. १९५६ मध्ये मर्ल वॉकर यांनी एका तरुण तारकासमूहाचे मोजमाप करून दाखवले की त्यातील टी टॉरी वर्गाचे तारे अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी आहेत : अजून पुरते आकुंचन न पावलेले, फुगीर.

आणि मग लिथियम. हे मूलद्रव्य ताऱ्यांच्या पोटातील उष्णतेत सुमारे २५ लाख अंशांना जळून जाते. सूर्याच्या पृष्ठभागावर ते नावापुरतेच उरले आहे, कारण साडेचार अब्ज वर्षांत वरचे द्रव्य खाली जाऊन भाजून निघाले. टी टॉरी ताऱ्यांत ते सूर्याच्या शंभरपटींच्या घरात आढळले. हे १९५७ ते १९६० च्या सुमाराचे शोध. ढगातून सहज चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्याला हरवलेले लिथियम परत मिळत नाही. वाद इथे जवळजवळ मिटला. १९६१ मध्ये जपानच्या चुशिरो हायाशी यांनी असे तारे आकुंचन पावताना कसे वागतात याचे गणित मांडले आणि उरलेली शंकाही गेली. टी टॉरी म्हणजे बालपणीचा सूर्य.

धूळ कुठे आहे?

तारा तरुण आहे इतके कळल्याने कांट आणि जीन्स यांच्यातील वाद सुटत नव्हता. त्यासाठी ताऱ्याभोवती तबकडी आहे का, हे कळायला हवे होते. आणि ती दिसत नव्हती.

१९६६ मध्ये मेक्सिकोचे एउहेनियो मेंडोसा यांनी टी टॉरी ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश मोजला, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता. ती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. ताऱ्याभोवती तापलेली धूळ असल्याखेरीज हे शक्य नव्हते. पण धुळीचा आकार कोणता? सर्व बाजूंनी वेढणारे कवच की चपटी तबकडी? १९७४ मध्ये केंब्रिजमध्ये डोनाल्ड लिंडन-बेल आणि जिम प्रिंगल यांनी फिरत्या तबकडीतून द्रव्य आत कसे सरकते आणि संवेग बाहेर कसा जातो, याचे गणित केले आणि ते नेमक्या याच ताऱ्यांना लावून पाहिले. लाप्लास यांच्या अनुयायांना न सापडलेली वाट यात होती : मेघातील थोडेसे द्रव्य सगळा संवेग घेऊन बाहेर जाते आणि बाकीचे निमूटपणे मध्यात पडते. सूर्याच्या संथ फिरण्यामागे आणखीही कारणे आहेत, चुंबकीय क्षेत्राचा लगाम हे त्यातील महत्त्वाचे. पण जुन्या आक्षेपाची धार गेली.

पुढचा पुरावा अत्यंत सुंदर आहे. १९८४ मध्ये इम्मो अपेनझेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की या ताऱ्यांतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या काही रेषा फक्त निळ्या बाजूला सरकलेल्या असतात, म्हणजे वायू केवळ निरीक्षकाच्या दिशेने येताना दिसतो. तारा काही पृथ्वीकडे तोंड करून एकाच बाजूने फुंकत नसणार. पलीकडे जाणारा वायूही असलाच पाहिजे. तो दिसत नाही, कारण मध्ये काहीतरी आडवे आहे : सपाट, अपारदर्शक, ताऱ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले. पडदा कोणी पाहिला नव्हता, पण त्याने झाकलेले अर्धे दृश्य गायब होते.

१९८७ मध्ये ॲनिला सार्जंट आणि स्टीव्हन बेकविथ यांनी वृषभेतील एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीचा वायू फिरतो आहे, याची चिन्हे टिपली. मग १९९० मध्ये बेकविथ, सार्जंट आणि सहकाऱ्यांनी वृषभ आणि सारथी या भागांतील ८६ तरुण तारे मिलिमीटर तरंगलांबीवर तपासले. ४२ टक्के ताऱ्यांभोवती धुळीचा ठसा मिळाला. द्रव्य इतके होते की ते कवचासारखे पसरले असते, तर आतला तारा मुळी दिसलाच नसता. तारे दिसत होते. म्हणजे धूळ चपटी होती.

जीन्स यांच्या हिशेबात आकाशगंगेत विरळा असायला हवे ते वृषभेच्या एका कोपऱ्यात जवळजवळ निम्म्या घरांत होते. १९३० मध्ये वाचकांनी जे एकाकीपण मान्य केले, त्याला आधार उरला नाही.

ओटो स्ट्रूव्ह यांचा नातू, तोही ओटो स्ट्रूव्हच, हा याच सुमाराच्या बराच आधी, १९५२ मध्ये, एक लहानसा टिपणवजा निबंध लिहून गेला होता. सूर्यासारखे तारे इतके संथ का फिरतात, याचे कारण त्यांचा संवेग ग्रहांकडे गेला हे असेल, तर ग्रह सर्वत्र असावेत आणि ताऱ्याच्या डुलण्यावरून ते शोधताही येतील, असे त्याने लिहिले. ते कोणी मनावर घेतले नाही. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह याच पद्धतीने सापडला. आजोबांनी शोधलेला मेघ हरवला होता, नातवाने सुचवलेला शोध त्रेचाळीस वर्षांनी लागला.

तबकडी दिसते

ताऱ्याच्या तेजातील लहरी आता समजू लागल्या. तबकडीच्या आतल्या कडेवरून द्रव्य चुंबकीय रेषांच्या वाटेने ताऱ्यावर कोसळते. ते सारख्या प्रमाणात येत नाही. कोसळते तिथे तप्त डाग पडतात, ताऱ्याबरोबर फिरतात. शिवाय तबकडीतील धुळीचे पुंज अधूनमधून ताऱ्याच्या आड येतात. हाइंड यांनी नोंदवलेला अनियमितपणा हा तबकडीचा श्वासोच्छ्वास होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही.

टी टॉरीने मात्र अभ्यासकांची एक थट्टा केली. १९८२ मध्ये अवरक्त प्रकाशात त्याच्या दक्षिणेला एक सोबती सापडला, साध्या प्रकाशात पूर्णपणे अदृश्य. पुढे तो सोबतीही एकटा नसून जोडी असल्याचे दिसले. ज्याच्या नावाने आख्खा वर्ग ओळखला जातो तो तारा म्हणजे तिघांचे गुंतागुंतीचे कुटुंब, आणि त्यातले दोघे जाड धुळीच्या पडद्याआड. वर्गाचा नमुना म्हणून निवडलेला सदस्यच वर्गातला सर्वांत अवघड निघाला.

या कुटुंबाचा आवाज पुणे जिल्ह्यातही ऐकला गेला आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बिणीने, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकांच्या त्या पसाऱ्याने, टी टॉरी आणि शेजारच्या काही तरुण ताऱ्यांचे निरीक्षण झाले. रेचल एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. सूर्यासारख्या लहान ताऱ्यांचे बालपण इतक्या लांब रेडिओ लहरींत तोवर फारसे कोणी तपासले नव्हते. त्याआधी २०१४ मध्ये त्याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून डीजी टॉरी या वृषभेतल्याच ताऱ्याच्या झोतात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची चिन्हे दिसली होती.

पण ज्या चित्राने जग थबकले ते चिलीच्या आटाकामा वाळवंटातून आले. तिथे सुमारे पाच हजार मीटर उंचीवर ६६ तबकांची आल्मा ही वेधशाळा आहे. २०१४ च्या शरदात तबके १५ किलोमीटरपर्यंत फाकवून चाचणी घेतली गेली आणि एचएल टॉरी हे लक्ष्य निवडले गेले. हा तारा आकाशात एक्सझेड टॉरीच्या अगदी शेजारी आहे, आणि एक्सझेड टॉरी जॉय यांच्या अकरा ताऱ्यांतला एक. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी चित्र जाहीर झाले. अपेक्षा एका धूसर तबकडीची होती. दिसली ती एकात एक बसवलेली तेजस्वी वलये आणि त्यांच्यामधल्या काळ्या, कोरीव फटी.

एचएल टॉरीचे वय फार तर दहा लाख वर्षे. ग्रह हळूहळू, धुळीच्या कणाकणाने, लाखो वर्षे खपून तयार होतात, ही मांडणी मॉस्कोच्या व्हिक्टर सफ्रोनोव्ह यांनी १९६० च्या दशकात केली होती आणि तिच्या वेळापत्रकात अशा फटी इतक्या लवकर बसत नव्हत्या. तबकड्यांना वेळ तरी कुठे असतो? तरुण तारकासमूहांत सुमारे तीस लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या विरून गेलेल्या दिसतात. ज्या ग्रहाला जन्मायचे आहे त्याने त्याआधी उरकले पाहिजे. सगळ्या फटी ग्रहांनीच पाडल्या का, यावर आजही वाद चालू आहेत. इतरही यंत्रणा वलये उभी करू शकतात. मात्र २०१८ मध्ये नरतुरंग राशीतील पीडीएस ७० या तरुण ताऱ्याच्या तबकडीतील रिकाम्या पोकळीत, युरोपच्या चिलीमधील मोठ्या दुर्बिणीने, खरोखरचा ग्रह टिपला. पुढच्याच वर्षी दुसरा. निदान काही फटींची जबाबदारी तरी निश्चित झाली.

खुद्द टी टॉरीची पाळी शेवटी आली. त्याची मुख्य ताऱ्याभोवतीची तबकडी लहान आहे आणि अंतर सुमारे पावणेपाचशे प्रकाशवर्षे. आल्माच्या नेहमीच्या चित्रांत ती एक चपटा ठिपका दिसे. मासायुकी यामागुची आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी तीच नोंद नव्या गणिती पद्धतीने पुन्हा उलगडली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ठिपक्याचे वलय झाले. ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या बारा पटींवर, म्हणजे सूर्यमालेत शनीच्या थोडे पलीकडे, एक फट होती. ती ग्रहाने पाडली असेल, तर तो शनीइतका असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

हाइंड यांचा मेघ आता पुन्हा दिसतो. हौशी निरीक्षकही मोठ्या दुर्बिणीने त्याची छायाचित्रे घेतात आणि वर्षागणिक त्याचा आकार थोडा बदललेला पाहतात. १५५४ क्रमांकाचा स्ट्रूव्ह यांचा मेघ मात्र अजून सूचीत आहे आणि आकाशात नाही.